डाव्या पिळाची दोरी

केसाँगच्या पोस्टात जिन उन-पिलला सगळे ‘पोतेवाले जिन’ म्हणत. सतराव्या वर्षी, जपान्यांच्या अमलात, तो पोत्यांच्या खोलीत लागला आणि बावन्नाव्या वर्षीही तिथेच होता. मोजकं बोलणारा, सावकाश चालणारा माणूस. पत्रांचं पोतं नुसतं उचलून आत ओल शिरली आहे की नाही हे तो सांगे, आणि ते खरं निघे. जपानी साहेब गेले, अमेरिकन आले, आणि १९४८च्या उन्हाळ्यात कचेरीवर आपलाच नवा झेंडा चढला. पोत्यांच्या खोलीत या सगळ्याचा परिणाम एवढाच झाला, की सुतळी मिळेनाशी झाली. पोत्यांची तोंडं भाताच्या पेंढ्याच्या दोरीने बांधायची असं ठरलं, आणि ती दोरी उन-पिल स्वतःच वळू लागला.

दोरी वळायला त्याला क्वॉन म्हाताऱ्याने शिकवलं होतं. म्हातारा कुमचॉनचा, उन-पिलच्याच गावचा. केसाँगहून उत्तरेला दिवसभराच्या चालीवर. त्याचा मुलगा सांग-होन आणि उन-पिल एकाच हिवाळ्यात पोस्टात लागले. त्या हिवाळ्यात सुट्टीला घरी आले की म्हातारा दोघांना अंगणात बसवायचा आणि पुढ्यात पेंढ्याची पेंढी टाकायचा. “थुंका तळव्यावर. सरकारी नोकर झालात म्हणून थुंकी महाग झाली काय?” म्हणायचा. दोरी सैल निघाली तर एक शब्द न बोलता ती सगळी उलगडून परत पुढ्यात टाकायचा. सांग-होन तीन वर्षांनी लहान. तो उन-पिलला दादा म्हणे. पुढे त्याची बदली कुमचॉनच्या पोस्टात झाली आणि उन-पिल केसाँगलाच राहिला.

मग महायुद्ध संपलं. जिंकलेल्या दोन बड्या देशांनी कोरियाच्या नकाशावर एक आडवी रेघ ओढली. रेघेच्या वर रशियन, खाली अमेरिकन. ही रेघ केसाँगच्या पाठच्या सोंगाक डोंगराच्या माथ्यावरून गेली, त्यामुळे केसाँग खाली राहिलं आणि कुमचॉन वर गेलं. आगगाडी थांबली. जनावरांचा बाजार थांबला. पत्रं तेवढी जाऊ द्यायची, एवढ्या एका गोष्टीवर दोन्ही बड्यांचं एकमत झालं. दर गुरुवारी रेघेजवळच्या एका लहानशा स्टेशनात दोन्हीकडची पोती बदलायची. खालून उन-पिल जाई. वरून सांग-होन येई.

पहिल्या वर्षी तिथे एकच टेबल होतं. रशियन अधिकारी काकड्या आणि दारू काढी, अमेरिकन अधिकारी सिगारेटी काढी. दोघे एकमेकांच्या पाठीवर थापा मारीत आणि एकत्र लढल्याच्या गोष्टी सांगत. दुभाष्यांची त्रेधा उडे. सांग-होन तेवढ्यात हळूच विचारी, “दादा, वहिनी बऱ्या?” आणि उन-पिल म्हणे, “बऱ्या. तुझे बाबा?” “वळतायत दोऱ्या.”

दुसऱ्या वर्षी दोन टेबलं झाली. काकड्या बंद झाल्या. एकदा रशियन अधिकाऱ्याने दिलेली पोहोच अमेरिकन अधिकाऱ्याने उजेडात धरून पाहिली, आणि त्यानंतर दोघांनी एकमेकांकडे पाहून हसणं सोडलं. तिसऱ्या वर्षी टेबलंही गेली. फलाटावर चुन्याची एक पांढरी रेघ आली. तिच्या अलीकडे चारजण, पलीकडे चारजण, आणि दोन्हीकडे बंदुका. पोस्टाच्या माणसांनी पोत्यांचा आणि पत्रांचा आकडा बोलायचा. बाकी एक शब्द तोंडातून निघाला, तर बोलणाऱ्याला तिथल्या तिथे धरायचं आणि अदलाबदल बंद करायची. पलीकडे तर धरलेला माणूस पुन्हा दिसत नसे.

आता दुभाष्याच्या जागी पोलिसातले प्योसाहेब येत. जपान्यांच्या वेळीही ते पोलिसातच होते, हे सगळ्या केसाँगला ठाऊक होतं. गोड बोलत. त्यांना वरिष्ठांचा हुकूम होता: या पत्रांच्या वाटेने पलीकडच्या बातम्या येतात असा संशय आहे, खात्री झाली की वाट बंद करून टाकू.

“मी खिसे तपासत नाही,” ते ट्रकमध्ये बसता बसता म्हणत. “बातमी खिशात सापडत नसते, जिन. चेहऱ्यावर सापडते. तुम्ही चौघं जाताना कसे दिसता आणि येताना कसे दिसता, एवढंच मी बघतो.”

उन-पिलची आई कुमचॉनला धाकट्या भावाजवळ, उन-ग्युजवळ, होती. वय त्र्याहत्तर. वसंतात उन-ग्युचं पत्र आलं होतं: आईचं अन्न तुटलंय, अंथरुणाला खिळलीय, थोरला कधी येतो म्हणून विचारत असते. उन-पिलने परवानगीसाठी तीन अर्ज केले. तिन्ही परत आले. डोंगरावरून चोरवाटेने गेलेल्या दोघांना गोळ्या लागल्या होत्या. वसंतानंतर उन-ग्युचं पत्रच नव्हतं. पत्रं दोन्हीकडे उघडून वाचली जात. कुमचॉनचं पत्र केसाँगला यायला कधी सहा आठवडे लागत, कधी आठ.

थोरल्या मुलाने आईच्या उशाशी असावं, तिचे डोळे मिटावे, पुढे होऊन मोठ्याने रडावं. ते चुकलं तर माणूस आयुष्यभर मान खाली घालून चालतो. उन-पिल दर गुरुवारी आपल्या आईपासून सहा-सात कोसांवर जाऊन उभा राही, आकडे बोले आणि परत येई.

ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी फलाटावर ऊन रटरटत होतं.

“सहा पोती,” सांग-होन म्हणाला. “एकवीसशे चौऱ्याहत्तर पत्रं.”

“सहा पोती. एकवीसशे चौऱ्याहत्तर. मिळाली,” उन-पिल म्हणाला.

सांग-होनची दाढी वाढली होती. उन-पिलने ते पाहिलं आणि पुढच्या क्षणी विसरला, कारण तिसऱ्या पोत्याच्या गाठीवर त्याचा अंगठा पडला होता.

पीळ उलटा होता.

रोजच्या कामाची दोरी उजव्या पिळाची असते. डाव्या पिळाची दोरी कुणी उगाच वळत नाही. बाळंतिणीच्या दारावर ती बांधतात. सोयाच्या रसाचा रांजण घातला की नजर लागू नये म्हणून त्याच्या गळ्याभोवती बांधतात. आणि आई किंवा बाप गेला की मुलाच्या कमरेला बांधतात. तेव्हा मात्र पेंढ्यात तागाचे धागे घालून वळतात. उन-पिलच्या अंगठ्याखाली ताग होता. दोरी मधोमध कमरेला घासून गुळगुळीत झाली होती.

त्याने वर पाहिलं. सांग-होन आपल्या बुटांच्या टोकांकडे बघत होता.

उन-पिलला सगळं कळलं. बोलायची बंदी, म्हणून त्या पोराने ही युक्ती केली होती. रशियन शिपायाला काय, अमेरिकन शिपायाला काय, दोरी ती दोरी. पण पाच पावलं मागे प्योसाहेब उभे होते, आणि ते याच मातीतले होते. त्यांची नजर एकदा या गाठीवर पडली की सांग-होन संपला.

उन-पिलने गाठीवर पंजा ठेवला, पोतं उचललं आणि तोंड आपल्या मानेकडे घेऊन खांद्यावर टाकलं.

“आज स्वतः?” हमाल म्हणाला.

“याला ओल आहे. बाकीच्यांना लागायला नको.”

प्योसाहेब हसले. “पोतेवाले जिन पोत्याला पोरासारखं जपतात.”

ट्रकमध्ये तो त्या पोत्याला पाठ लावून बसला. रस्त्याकडेची भातं पिवळी पडायला लागली होती, बुजगावण्यांना नवे कपडे चढवले होते. त्याने ते सगळं एकेक करून बघितलं, कारण समोर प्योसाहेब बसले होते आणि चेहऱ्याला काहीतरी काम द्यायला हवं होतं.

पोत्यांच्या खोलीत एकटा झाल्यावर त्याने गाठ सोडली. सदरा वर केला आणि दोरी कमरेला बांधली. घरी जाईपर्यंत एवढी पंधरा-वीस मिनिटं तो आईचं सुतक धरलेला मुलगा होता. फाटकाशी पोचल्यावर त्याने ती सोडली. मरणाची चिठ्ठी कुणी घरात नेत नाही, बाहेरच कुठेतरी खोचून ठेवतात. त्याने दोरी अंगणातल्या संडासाच्या वळचणीत, पेंढ्याच्या आत, खोचून दिली. आलेल्या दोऱ्याही पुढल्या गुरुवारी मोजून परत कराव्या लागत. तिच्याऐवजी त्याने उजव्या पिळाची एक नवी वळून ठेवली.

बायकोला काही सांगितलं नाही. इन-सुकची आई (मुलीचं लग्न होऊन ती सोलला गेली तरी आळीत तिला याच नावाने हाक मारत) बोलकी बाई. तिला कळलं तर ती रडेल, ती रडली तर आळीला कळेल, आणि आळीला कळलं की प्योसाहेबांना. पत्र आलेलं नाही, तार आलेली नाही. मग आई गेल्याचं जिनला सांगितलं कुणी? या प्रश्नाला केसाँगभर एकच उत्तर होतं: गुरुवारचा फलाट.

अधिकृत पत्र येईपर्यंत त्याला आई जिवंत असलेल्या मुलासारखं जगायचं होतं.

सुतकात दाढी करू नये. तो रोज दाढी करून कामावर गेला. मोठ्याने हसू नये. कुणी विनोद केला की तो हसला. मांस खाऊ नये. दहाव्या दिवशी प्योसाहेबांनी त्याला दुपारी पोस्टासमोरच्या खाणावळीत नेलं आणि दोघांसाठी गाईच्या हाडांचा रस्सा मागवला.

“वाळलात हो तुम्ही,” प्योसाहेब म्हणाले. “बायको उपाशी ठेवते की काय?”

“ऊन बाधतंय, साहेब.”

“खा मग. मांसाचे तुकडे तळाशी असतात. ढवळा.”

उन-पिलने ढवळलं. पहिला तुकडा त्याने न चावताच गिळला.

“आई कुमचॉनला ना तुमची?”

“हो.”

“कशी आहे?”

“पत्र नाही, साहेब. वसंतात आलं होतं. अंथरुणावर होती.”

“म्हणजे काळजी असणार.” प्योसाहेबांनी आंबवलेल्या कोबीची, किमचीची वाटी त्याच्याकडे सरकवली. “मी बघतो ना, काळजीतला माणूस दर गुरुवारी त्या फलाटावर पलीकडच्याच्या तोंडाकडे बघतो. काही कळतंय का म्हणून. तुम्हीही बघायचात. गेल्या गुरुवारी मात्र बघितलं नाहीत.”

“बघून काय उपयोग? आकडेच बोलायचे असतात.”

“तेही खरंच.” प्योसाहेब रश्श्यावर फुंकर घालीत म्हणाले. “नाहीतर बघायची गरज संपली, असंही असतं. तो एक तुकडा राहिलाय.”

उन-पिलने तो तुकडाही खाल्ला, वाडगा तोंडाला लावून रस्सा संपवला आणि ‘छान होता’ म्हणाला. खाणावळीच्या मागे गटार होतं. तिकडे जावंसं वाटत असतानाही तो गेला नाही, कारण प्योसाहेब दारात दात कोरीत उभे होते.

सप्टेंबरच्या मध्यावर, जुन्या चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्याची पौर्णिमा आली. वर्षाचा मोठा सण. त्या सकाळी घरोघर नव्या तांदळाचा भात आणि पाइनच्या पानांवर उकडलेले लाडू पितरांपुढे मांडतात. गेलेल्यांची नावं पांढऱ्या कागदाच्या पट्टीवर लिहून ती पट्टी मांडणीमागे लावतात, पूजा झाली की जाळतात. उन-पिलचे वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. दर वर्षी तो एकाच कागदावर एकच नाव लिही.

त्याने शाई उगाळायला घेतली आणि फाटकातून हाक आली.

“आहेत का पोतेवाले जिन? सणाचा दिवस, म्हटलं थोरांना नमस्कार करून जावं.”

प्योसाहेबांच्या हातात तांदळाच्या दारूची बाटली होती. ते बूट काढून वर आले आणि मांडणीच्या बाजूला ऐसपैस बसले. सणाला आलेल्या माणसाला ‘जा’ म्हणता येत नाही.

“चालू द्या तुमचं. माझ्या बापाची मांडणी माझा थोरला भाऊ करतो. मी लहानपणापासून नुसता बघ्या.”

उन-पिलने कागद समोर घेतला. तीन बोटं रुंद पट्टी. बाप एकटा गेलेला असेल तर त्याचं नाव मधोमध लिहायचं. आई-बाप दोन्ही गेले असतील तर बाप डावीकडे, आई उजवीकडे. म्हणजे पहिलं अक्षर लिहायच्या आधी, नुसता कुंचला कुठे टेकतो त्यावरून बघणाऱ्याला कळतं की या घरातली माणसं किती गेली.

आई गेलेली असताना तिला कागदावर जागा न देणारा मुलगा! पहिलाच सण. आत्मा दाराशी येऊन उभा राहील आणि आपलं नाव शोधील. उन-पिलने कुंचला शाईत बुडवला आणि कडेला निपटला. त्याचा हात कागदाच्या डाव्या अंगावर गेला. तिथे क्षणभर थांबला.

प्योसाहेब वर चेहऱ्याकडे बघत नव्हते. ते कुंचल्याच्या टोकाकडे बघत होते.

“अहो,” स्वयंपाकघराच्या दारातून इन-सुकची आई म्हणाली, “लवकर आटपा. मामंजींना गार रस्सा चालत नसे. जिवंतपणी वाडगा फेकायचे, आता काय फेकतील देव जाणे.”

प्योसाहेब हसले. उन-पिलचा हात सरकला. कुंचला मधोमध टेकला आणि त्याने वडिलांचं नाव वरून खालपर्यंत, एका सरळ ओळीत लिहिलं. अक्षर नेहमीसारखं आलं. एकच भाताचा वाडगा, एकच रस्सा, एकच चमचा. तो दोनदा जमिनीला कपाळ टेकवून उठला, आणि दुसऱ्यांदा कपाळ टेकलेलं असताना त्याने आईची मनातल्या मनात माफी मागितली.

“पोट जरा…” पूजा झाल्यावर प्योसाहेब उठले. “संडास कुठे?”

“अंगणात. डावीकडे,” उन-पिल म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

प्योसाहेब गेले आणि बराच वेळ आले नाहीत. पेंढा चाळवल्याचा आवाज आला. वाऱ्यानेही येतो तसा. उन-पिल वडिलांच्या नावाच्या पट्टीकडे तोंड करून बसून राहिला. ते दोरी हातात घेऊन येतील, तेव्हा काय बोलायचं हे तो ठरवत होता. ‘मीच वळली’ म्हणायचं. ‘का वळली’ विचारलं की?

प्योसाहेब परत आले ते हात पुसत. अंगणात रांजणांच्या ओट्याशी थांबून म्हणाले, “वहिनी, सोयाचा रस यंदा चांगला मुरलेला दिसतोय. रांजणाला दोरीबिरी बांधून मोठी तयारी आहे.”

“लोकांच्या नजरा फार वाईट, साहेब,” इन-सुकची आई म्हणाली. “येणारा-जाणारा डोकावतो. बाटलीभर देऊ का?”

“द्या.”

तिने रस बाटलीत भरून दिला. ते गेले. फाटकाला कडी लागली. उन-पिल उठून अंगणात आला. सगळ्यात मोठ्या रांजणाच्या गळ्याभोवती डाव्या पिळाची दोरी होती. तीत तीन लाल मिरच्या आणि कोळशाचे दोन तुकडे खोचलेले होते. पेंढ्यात ताग होता.

“कधी पाहिलीस?”

“खोचलीत त्याच संध्याकाळी. वळचणीतून हातभर टोक लोंबत होतं. पोस्टात पस्तीस वर्षं काढली आणि एक दोरी लपवता येत नाही.”

“बोलली नाहीस.”

“तुम्ही बोलला नाहीत. म्हटलं, बोलायचं नसेल.” ती रांजणाचं झाकण पुसत होती. पुसून झालेलं झाकण तिने पुन्हा पुसलं. “मला भात शिजवायला सासूबाईंनी शिकवलं. पहिल्या दिवशी करपला तर त्या म्हणाल्या, मीच करपवला, आणि मामंजींच्या शिव्या खाल्ल्या. तुम्ही एकटेच रडताय असं वाटलं का तुम्हाला? मी रोज चुलीत ओली लाकडं घालते. धुराने डोळ्यांना पाणी येतं, त्याला कोण काय विचारणार?”

ती दोघं ओट्यावर बसली. शेजारच्या घरातून सणाचा हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. “पत्र येईपर्यंत असंच,” एवढंच ती दोघं बोलली.

पत्र नवव्या महिन्यात आलं. प्योसाहेबांनी उन-पिलला पोस्टमास्तरांच्या खोलीत बोलावलं. पाकीट उघडलेलं होतं. वर उन-ग्युचं अक्षर होतं.

“कुमचॉनहून आहे,” प्योसाहेब म्हणाले. “मी वाचलंय. आता तुम्ही वाचा. मोठ्याने.”

उन-पिलला हलकं वाटलं. आता रडता येईल. त्याने घडी उलगडली.

“‘आठव्या महिन्याची तृतीया. आई सांगते तसं लिहितोय,’” त्याने वाचलं. “‘थोरल्या, तुला हात आहेत की नाहीत? तीन महिन्यांत पत्र नाही. मी आता उठून बसते. भात पचतो. तुझा खोकला…’”

तो थांबला.

“वाचा की.”

“‘…तुझा खोकला गेला का? सुनेला म्हणावं, नासपतीचा रस मधातून दे.’” त्याची नजर परत वरच्या तारखेवर गेली. आठव्या महिन्याची तृतीया. दोरी आली होती त्याच्या आधी, ऑगस्टच्या अखेरीला, म्हणजे पंचांगाच्या सातव्या महिन्यात. पौर्णिमेला तो कुंचला घेऊन बसला तेव्हा हे पत्र कुठेतरी कुणाच्या टेबलावर तपासणीसाठी पडलेलं होतं, आणि ती कुमचॉनमध्ये भात खात होती. बोटभर डावीकडे कुंचला टेकला असता, तर त्याने जिवंत आईला मेलेल्यांत बसवलं असतं.

पुढे दोन ओळींवर काळी शाई फासलेली होती. त्याखाली होतं: “‘तुम्हा पोरांना दोऱ्या वळायला शिकवणारा म्हातारा गेल्या महिन्याच्या सतराव्या दिवशी गेला. रात्री जेवला आणि सकाळी उठलाच नाही. पोराला तिसऱ्या दिवशीच कामावर बोलावलं, कमरेची दोरीसुद्धा सोडायला लावली. तुझी गाठ पडली तर दोन शब्द बोल. म्हाताऱ्याचा तुझ्यावर जीव होता.’”

उन-पिलने कागदाची घडी घातली. ती नीट बसेना.

“आई बरी आहे,” प्योसाहेब म्हणाले. “मग चेहरा असा का?”

“म्हातारा गेला, साहेब. त्याने शिकवलं म्हणून आज हातात काम आहे.”

प्योसाहेबांनी पत्र घेऊन त्या ओळींवर पुन्हा नजर फिरवली आणि ते परत दिलं. काहीतरी जुळतंय आणि जुळत नाही, असा त्यांचा चेहरा झाला होता. शेवटी त्यांनी जायची खूण केली.

घरी पत्र ऐकून इन-सुकची आई आधी हसली, मग ओल्या लाकडांशिवायच रडली.

“म्हणजे त्या दिवशी भावजी स्वतःचं सांगत होते,” ती म्हणाली.

“त्याची दाढी वाढली होती. मी पाहिली होती.” उन-पिल पायरीवर बसून होता. “सात गुरुवार तो माझ्यासमोर उभा राहिला. मी एकदाही मान लववली नाही. आईच्या नावाने मनातल्या मनात रडत राहिलो आणि त्याला वाटलं असेल, दादाला दोरी कळलीसुद्धा नाही.”

ती उठली, रांजणाजवळ गेली. दोरीतल्या मिरच्या आणि कोळसे काढून तिने पदराने ती पुसली, आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

पुढच्या गुरुवारी फलाटावर वारा होता. उन-पिलसमोर सात पोती होती, आणि शेवटच्या पोत्याचं तोंड डाव्या पिळाच्या दोरीने बांधलेलं होतं. ट्रकमध्ये चढवताना त्याने ते लपवलं नव्हतं.

“थांबा,” प्योसाहेब मागून म्हणाले. ते पाच पावलं पुढे आले आणि वाकले. “ही कसली दोरी?”

“त्यांच्याकडची आहे, साहेब. आलेली दोरी परत करायची, असा नियम आहे. ही मागे राहून गेली होती.”

“हा पीळ बघितलात?”

“बघितला. त्यांच्याकडे कुणीतरी गेलं असेल. आपण ठेवून घेणं बरं नव्हे.”

प्योसाहेबांचा हात दोरीपर्यंत गेला. पण सुतकाच्या दोरीला परक्याने हात लावत नाहीत. त्यांनाही कुणीतरी लहानपणी तेच सांगितलं असणार. हात खिशात गेला. “आटपा,” ते म्हणाले.

“सात पोती,” उन-पिल म्हणाला. “अठराशे बावन्न पत्रं.”

सांग-होन उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच त्याला दोरी दिसली. तो तसाच राहिला. रशियन शिपायाने त्याच्याकडे पाहिलं.

सांत्वनाला गेलेला माणूस आमच्याकडे काही बोलत नाही. बोलायला शब्द नाहीत, हेच सांगायला तो गेलेला असतो. खाली वाकतो, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाकलेला राहतो. उन-पिलने शेवटचं पोतं चुन्याच्या रेघेवर ठेवलं आणि ठेवून झाल्यावरही तो उठला नाही. दोन्ही हात पोत्यावर, कपाळ गाठीजवळ. वाऱ्याने चुना उडत होता.

“सात पोती,” वरून सांग-होनचा आवाज आला. घोगरा. “अठराशे बावन्न. मिळाली.” आणि मग, नियमात नसलेलं, पण कुणाला हरकत घेता येणार नाही असं, “नीट मिळाली.”

उन-पिल उठला.

“काय, कंबर धरली?” प्योसाहेब म्हणाले.

“हो, साहेब. वय झालं.”

पलीकडे हमाल पुढे आला होता. सांग-होनने त्याला मागे सारलं आणि ते पोतं स्वतः पाठीवर घेतलं. तोंड खालच्या बाजूला होतं. तो फलाटावरून सावकाश चालत गेला, आणि दोरीची दोन्ही टोकं चालता चालता त्याच्या कमरेवर हलत होती.